घरचा संगणक : मालकी आणि वहिवाट

कोकणांत ‘सामायिक’ हा शब्द वजनदार आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर एकाखालीं एक पंचवीस नांवें, एका विहिरीवर चार घरांचे रहाट, एका फणसावरून दोन चुलत घरांचा पिढीजात अबोला, हें दृश्य सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मुद्दाम शोधावें लागत नाहीं. त्यामुळें मालवण-वेंगुर्ल्याकडे ज्याचें बालपण गेलें आहे त्याला मालकी निराळी आणि वहिवाट निराळी, हें कायद्याचें पुस्तक न उघडतांहि ठाऊक असतें. विहिरीचें पाणी नेण्याचा हक्क चौघांनाहि असतो. विहीर बुजविण्याचा हक्क एकट्याला नसतो. पाणंदीनें जाण्याची वहिवाट सर्वांची. तिच्यावर गडगा घालण्याची मुभा कोणालाच नाहीं.

अशा या जाणत्या प्रदेशांतील घरांत गेल्या पंचवीस वर्षांत एक नवी सामायिक वस्तु येऊन बसली आहे, आणि तिच्यापुरतें मात्र हें पिढीजात शहाणपण कोणाला आठवत नाहीं. ती वस्तु म्हणजे घरचा संगणक. त्याच्यासमोर जो बसतो तो पुरा मालक होऊनच बसतो. आजोबा मालक, सून मालक, बारावींतली मुलगी मालक, आणि चवथीला मुंबईहून आलेला दहा वर्षांचा पुतण्याहि मालकच.

मालवणच्या किनाऱ्यावर या गोष्टीला विशेष महत्त्व येण्याचें कारण तेथील घरांच्या स्थितींत आहे. १ मे १९८१ रोजीं रत्नागिरीपासून निराळा झालेला हा जिल्हा १९९७ सालीं पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, वायरी, तोंडवळी अशा गांवांतून महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ‘न्याहारी-निवास’ योजनेखालीं, आणि तिच्याबाहेरहि, अनेक कुटुंबांनीं घराच्या एक-दोन खोल्या पाहुण्यांसाठीं तयार केल्या. या व्यवसायाचा गुण असा कीं पाहुणा हॉटेलांत न उतरतां नांदत्या घरांत उतरतो. परंतु याच गुणामुळें घर आणि धंदा असे दोन संसार एकत्र होतात, आणि दोन्ही संसार एकाच संगणकांत येऊन पडतात.

खोल्यांची नोंदवही त्याच्यांत. पाहुण्यांनीं पाठविलेल्या ओळखपत्रांच्या प्रती त्याच्यांत. बँकेचा व्यवहार, विजेचें बिल, होडीच्या परवान्याचे कागद त्याच्यांत. पेन्शनर मंडळींसाठीं २०१४ सालीं सुरू झालेल्या ‘जीवन प्रमाण’ दाखल्याचा खटाटोप त्याच्यावर. मुलीचीं परीक्षेचीं टिपणें त्याच्यांत, आणि सुटींतले खेळहि त्याच्यांतच. बहुतेक घरीं या सर्वांना मिळून एकच खातें असतें. त्याला पासवर्ड नसतो. किंवा असला तर तो पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठोरीवर लिहिलेला असतो.

आतां गणपतीच्या दिवसांत अशा एखाद्या घरीं काय घडूं शकतें, याची कल्पना करावी. घरांत माणसें वीस, संगणक एक. पुतण्या फुकट मिळणारा एक खेळ उतरवून घेतो आणि त्या खेळाचें बोट धरून दुसरा एक अनाहूत प्रोग्रॅम आंत येऊं पाहतो. संगणक विचारतो, या प्रोग्रॅमला यंत्रांत बदल करूं द्यावयाचे काय? मुलगा ‘येस’ दाबतो, कारण ‘नो’ दाबल्यास खेळ सुरू होत नाहीं हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. त्याच संध्याकाळीं माडीवर उतरलेला एक पाहुणा परतीच्या तिकिटाची छापील प्रत काढण्यासाठीं पांच मिनिटें येऊन बसतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर मागच्या आठवड्यांत राहून गेलेल्या कुटुंबाचीं आधारपत्रें उघडीं पडलेलीं असतात. दोघांपैकीं लबाड कोणीच नाहीं. मुलगा मूल आहे, पाहुणा सभ्य आहे. तरी नुकसान व्हावयाचें तें होऊन जातें. शिवाय तीं आधारपत्रें घराच्या मालकीचीं नव्हेत. परक्यांनीं विश्वासानें सोपविलेली ती ठेव आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाकरितां २०२३ सालीं संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला तो अशाच ठेवींच्या चिंतेमुळें. आधारक्रमांकाचे शेवटचे चारच अंक जिच्यावर दिसतात अशी झांकलेली प्रत मिळूं शकते; पाहुण्याकडून तीच मागून घेतली तर ठेवीचा भार पुष्कळ हलका होतो. पण ठेव हलकी असली तरी ती कुलपांत हवीच.

हें कुलूप संगणकाच्या आंत तयारच असतें, आणि त्याला एक पैसाहि पडत नाहीं. घरांतील प्रत्येकाला स्वतंत्र खातें द्यावें आणि त्या खात्याला त्याच्या कामापुरतेच हक्क ठेवावे, एवढाच तो उपाय. मात्र खातें म्हणजे नेमकें काय, हें समजून घेतल्यावांचून तो उपाय नीट वापरतां येत नाहीं.

कित्येकांची अशी समजूत असते कीं खातें म्हणजे पडद्यावर दिसणारें नांव आणि त्याच्या वरचें वाटोळें चित्र. वस्तुतः नांव ही केवळ दारावरची पाटी होय. खातें उघडतांच विंडोज त्याला आंतून एक लांबलचक क्रमांक देतें. यंत्रांतील प्रत्येक फाईल आणि प्रत्येक फोल्डर यांना एक छोटी यादी जोडलेली असते: कोणत्या क्रमांकाच्या खात्यानें हें वाचावें, कोणीं यांत लिहावें, कोणीं हें पुसावें. फाईल उघडण्याची आज्ञा झाली कीं यंत्र आधीं ही यादी पाहतें आणि मग दार उघडतें किंवा बंद ठेवतें. म्हणूनच एक खातें पुसून त्याच नांवाचें दुसरें काढलें तरी जुन्या फाईलींवरचा हक्क त्याला आपोआप मिळत नाहीं. नांव तेंच, पण क्रमांक नवा. सखाराम नांवाचा कोणीहि मनुष्य येऊन सखारामाचा वारस ठरत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

कोकणी घराची रचना डोळ्यांपुढें आणली म्हणजे बाकीचें सहज उमगतें. खळ्यांत कोणीहि यावें, पडवींत ओळखीच्यानें बसावें, माजघरांत घरच्यांनीं वावरावें, आणि कोठीच्या खोलीची किल्ली एकाच कमरेला असावी. संगणकांत ‘पब्लिक’ नांवाचा एक फोल्डर सर्व खात्यांना दिसतो. तें घराचें खळें. प्रत्येक खात्याचा स्वतःचा फोल्डर ही ज्याची त्याची खोली. विंडोज आणि सारे प्रोग्रॅम ज्या भागांत वसतात ती कोठी. ज्याला ‘स्टँडर्ड यूजर’ म्हणतात तें मर्यादित खातें होय. त्यांतून लिहितां-वाचतां येतें, पत्रें पाठवितां येतात, हिशेब करतां येतो, आपल्या पडद्यावरचें चित्र बदलतां येतें. थोडक्यांत, पुरी वहिवाट करतां येते. कोठींत फेरबदल करणें, दुसऱ्याच्या खोलींत शिरणें, नवीं खातीं काढणें, जुनीं पुसणें, यंत्राचें घड्याळ फिरविणें हीं कामें मात्र ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे मालकाच्या खात्याकडे राहतात.

एका यंत्रावर अनेकांनीं बसण्याची अडचण घरगुती संगणकापेक्षां जुनी आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं एका मोठ्या यंत्रावर अनेकांना एकाच वेळीं काम करूं देणारी योजना चालवून दाखविली. प्रत्येकाचे कागद निराळे राहावेत म्हणून तेथें पासवर्ड आले, आणि साऱ्या पासवर्डांची यादी यंत्रांतल्या एका फाईलींत ठेवण्यांत आली. त्या दशकाच्या मध्यास एके दिवशीं विलक्षण प्रकार घडला. जो जो यंत्रावर काम सुरू करी त्याच्या समोरच्या टंकयंत्रावर नेहमींच्या स्वागताच्या मजकुराऐवजीं सर्वांच्या पासवर्डांची ही संपूर्ण यादीच छापून येऊं लागली! शोध केल्यावर असें आढळलें कीं व्यवस्था पाहणाऱ्यांचें खातें एकच होतें आणि त्यांतून दोघे जण एकाच वेळीं काम करीत होते. एक जण स्वागताचा मजकूर दुरुस्त करीत होता, दुसरा पासवर्डांच्या यादींत फेरफार करीत होता. मजकूर दुरुस्त करणारा प्रोग्रॅम आपल्या तात्पुरत्या फाईलीला नेहमीं एकच नांव देई. त्यामुळें दोघांच्या फाईलींची अदलाबदल झाली. कॉर्बाटो यांना १९९० चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्यानिमित्त दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं स्वतःच ही हकीकत सांगितली आहे. हे लोक त्या विषयाचे आद्य जाणकार होते. सामायिक खात्यानें त्यांचीहि अशी फजिती केली, तर न्याहारी-निवास चालविणाऱ्या कुटुंबानें आपणांस विशेष बावळट समजण्याचें कारण नाहीं.

घरगुती यंत्रांना हा धडा फार उशिरां मिळाला. विंडोज ९५ आणि ९८ यांत पासवर्डाची चौकट पडद्यावर येई खरी, पण ‘कॅन्सल’ दाबला कीं परका मनुष्यहि आंत जाई. २००१ सालच्या विंडोज एक्सपीनें खऱ्या भिंती घरोघरीं आणल्या, परंतु यंत्र प्रथम सिद्ध करतेवेळीं उघडलेलीं खातीं सारींच्या सारीं ॲडमिनिस्ट्रेटरचीं असत. भिंती होत्या, पण प्रत्येकाला सर्व खोल्यांच्या किल्ल्या वांटलेल्या. महाराष्ट्रांत याच सुमारास एमएस-सीआयटीचे वर्ग गांवोगांव निघाले आणि लाखों लोकांचा संगणकाशीं परिचय झाला. त्या पिढीच्या हाताला पूर्ण मालकीचीच संवय लागली. २००७ सालीं विस्टा आलें तेव्हांपासून मोठा बदल करण्यापूर्वीं संमति विचारण्याची चाल सुरू झाली. तथापि मालकाच्या खात्यांत ही संमति नुसत्या ‘येस’नें मिळते, आणि जो प्रश्न वारंवार विचारला जातो त्याचें उत्तर मनुष्य न वाचतांच देऊं लागतो.

येथें मुख्य मुद्दा येतो, आणि तोच सहसा उलटा समजला जातो. मर्यादित खातें मुलांसाठीं आणि पाहुण्यांसाठीं. कर्त्या माणसाला तें कशाला, असें बहुतेकांना वाटतें. वास्तविक त्याची पहिली गरज कर्त्यालाच असते. प्रोग्रॅम स्वतःचे असे हक्क घेऊन येत नाहीं. ज्याच्या खात्यांतून तो सुरू होतो त्याचे हक्क तो पांघरतो. पुतण्यानें मर्यादित खात्यांतून एखादा वाईट प्रोग्रॅम उघडला, तर त्या प्रोग्रॅमचा हात पुतण्याच्या खोलीपुरताच पोंचतो. कर्त्यानें आपल्या पूर्णाधिकारी खात्यांतून तोच उघडला आणि संवयीनें ‘येस’ दाबलें, तर साऱ्या घराच्या किल्ल्या त्याच्या हातीं जातात. आणि अनोळखी पत्रासोबत आलेलें बनावट बिल उघडण्याची पाळी पुतण्यावर कधींच येत नाहीं. ती येते खोल्यांचा व्यवहार पाहणाऱ्या सुनेवर. दिवसांत चाळीस पत्रें जिला उघडावीं लागतात, तिच्या खात्याला सर्वांत कमी हक्क असावे हेंच शहाणपणाचें.

यास्तव रोजच्या कामाला कर्त्यानेंहि मर्यादित खात्यांतच बसावें. मालकाचें खातें, नवा प्रोग्रॅम घालावयाचा असेल किंवा छपाईयंत्र जोडावयाचें असेल, त्या प्रसंगापुरतेंच असावें. मर्यादित खात्यांतून मोठा बदल होऊं लागला म्हणजे विंडोज नुसत्या ‘येस’वर समाधान मानीत नाहीं; तें मालकाच्या खात्याचा पासवर्ड मागतें. तो आठवून टंकित करण्यास जो अर्धा मिनिट लागतो, तेवढी विचाराला सवड मिळते. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या दोघां शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं या तत्त्वाची स्पष्ट मांडणी केली. कोणताहि प्रोग्रॅम असो वा कोणताहि मनुष्य, हातांतलें काम पुरें होण्यास लागतील तेवढेच कमींत कमी हक्क त्याच्यापाशीं असावे, असें त्यांचें म्हणणें.

मराठी मनाला हें तत्त्व परकें वाटूं नये. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ सालीं सिंधुदुर्गाच्या बांधणीस आरंभ झाला. त्या काळच्या शिवशाहींत किल्ल्यावरील सर्व सत्ता एकाच्या हातीं ठेवीत नसत. दरवाजे आणि किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे, धान्य आणि सामानसुमान कारखानिसाकडे. हवालदार बेइमान होता म्हणून हिशेब दुसऱ्याकडे दिला, असें कोणी म्हणत नाहीं. विश्वासू मनुष्यहि झोंपतो, चुकतो, फसतो. तो फसला तरी किल्ला राहावा, एवढीच ती योजना.

प्रत्यक्ष कृति अर्ध्या-पाऊण तासाची आहे. पावसाळ्यांत किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, पाहुणे थोडे असतात; तो काळ या कामाला बरा. मात्र क्रम चुकूं देऊं नये. चालू खात्याचे हक्क आधीं कमी करावयाचे नाहींत. प्रथम मालकाचें नवें खातें तयार करावयाचें. विंडोज ११ मध्यें ‘सेटिंग्ज’, तेथून ‘अकाउंट्स’ आणि त्यांतील ‘अदर यूजर्स’ येथें जाऊन ‘ॲड अकाउंट’ दाबावें. यंत्र ई-मेलचा पत्ता मागेल. घरगुती कामाला तो देण्याची आवश्यकता नाहीं. त्या व्यक्तीची माहिती आपल्याजवळ नाहीं, या अर्थाची ओळ खालीं असते ती निवडावी. पुढच्या पडद्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्यावांचून यूजर घालण्याची ओळ असते ती निवडावी. मग नांव आणि पासवर्ड एवढ्यावर काम भागतें. नांव ‘कारभारी’ असें कांहीं ठेवावें, पण तें रोमन लिपींत लिहावें. खात्याचा फोल्डर याच नांवानें तयार होतो, आणि देवनागरी नांवाच्या फोल्डरापाशीं कांहीं जुने प्रोग्रॅम अडखळतात. पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडावे म्हणून यंत्र तीन खाजगी प्रश्नांचीं उत्तरें लिहून घेतें. जन्मगांव कोणतें, यासारख्या प्रश्नाचें खरें उत्तर साऱ्या वाडीला ठाऊक असतें. तेव्हां उत्तरें मुद्दाम भलतींच द्यावीं आणि कागदावर लिहून ठेवावीं. नवें खातें आपोआप मर्यादितच असतें, म्हणून शेवटीं त्याच्या नांवावर जाऊन ‘चेंज अकाउंट टाईप’ येथें त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करावें लागतें.

यानंतर चालू खात्यांतून बाहेर पडून कारभाऱ्याच्या खात्यांत एकदां शिरून पाहावें. किल्ली लागते अशी खात्री झाली म्हणजे तेथूनच जुन्या खात्याचा प्रकार बदलून तें स्टँडर्ड करून टाकावें. या युक्तीचा मोठा फायदा असा कीं जुन्या फाईली, चित्रें, जपून ठेवलेले पत्ते यांतलें कांहींच हलवावें लागत नाहीं. फक्त हक्क उतरतात. पुष्कळ लोक याच्या उलट करतात. स्वतःसाठीं नवें मर्यादित खातें काढतात, आणि सारें सामान तिकडे वाहून नेतां नेतां कंटाळून काम अर्धवट सोडतात. आजवर सर्वांनीं मिळून वापरलेलें खातें ज्याचें काम सर्वांत अधिक त्याच्याकडे, म्हणजे बहुधा सुनेकडे, राहूं द्यावें. आजोबांना आणि मुलीला नवीं खातीं उघडून द्यावीं, आणि त्यांचे कागद ‘पब्लिक’ फोल्डरांत आणून तेथून ज्यानें त्यानें आपल्या खोलींत न्यावे. पासवर्ड प्रत्येकानें आपला आपण घालावा. विंडोज १० ची रीतहि जवळजवळ अशीच आहे. मात्र त्या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमींचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलेला आहे, हें ध्यानांत असावें.

पाहुण्यांसाठीं निराळें खातें हवेंच. ‘गेस्ट’ हें नांव विंडोज घेऊं देत नाहीं, कारण तें त्यानें स्वतःकडे राखून ठेवलें आहे. ‘पाहुणा’ हें रोमन अक्षरांत चालतें. त्यांत एक ब्राउझर आणि छपाईयंत्र एवढें असलें तरी पुरे. ॲपलच्या मॅक संगणकांत याची सोय अधिक चांगली आहे. त्यांतील गेस्ट खात्यांत जें कांहीं केलें असेल तें बाहेर पडतांच पुसलें जातें, म्हणजे पाहुणा गेला कीं खोली झाडून तयार. उबंटूसारख्या लिनक्स पद्धतींतहि मालक आणि मर्यादित हे दोनच मुख्य भेद असतात आणि ‘सेटिंग्ज’मधील ‘यूजर्स’ येथें ते ठरवितां येतात. खोल्यांचें वेळापत्रक सर्वांना दिसावें म्हणून ‘पब्लिक’मध्यें ठेवण्यास हरकत नाहीं. ओळखपत्रें मात्र तेथें कदापि ठेवूं नयेत. खळ्यांत सोनें वाळत घालण्यासारखें तें होईल. तीं सुनेच्या खोलींत, आणि गरज संपतांच तेथूनहि पुसलेलीं बरीं.

मुलांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. लहान मुलाच्या खात्याला वेळेची मर्यादा घालण्याची आणि कांहीं संकेतस्थळें बंद ठेवण्याची सोय मायक्रोसॉफ्टनें केली आहे. तिच्यासाठीं मुलाचें मायक्रोसॉफ्टकडील खातें लागतें, आणि संकेतस्थळांची गाळणी त्यांच्याच एज ब्राउझरपुरती चालते. दहा वर्षांच्या पुतण्याला हें योग्यच. कांठ नसलेल्या विहिरीपाशीं मूल एकटें सोडीत नाहींत. परंतु बारावींतल्या मुलीला हीच वागणूक देणें बरोबर नव्हे. तिला मर्यादित खातें द्यावें तें यंत्राच्या रक्षणाकरितां; तिच्या टिपणांवर आणि पत्रांवर पहारा बसविण्याकरितां नव्हे. येथें एक गोष्ट मोकळेपणानें सांगून टाकणें इष्ट आहे. मालकाच्या खात्याला मनांत आणल्यास इतरांच्या खोल्या उघडतां येतात. भिंत पाहुण्याला अडविते, पुतण्याला अडविते; किल्लीवाल्याला ती अडवीत नाहीं. त्यामुळें किल्लीवाल्यानें मुलीच्या खोलींत जावयाचें नाहीं, हा निर्बंध यंत्राचा नसून घराचा असतो, आणि तो तिला शब्दांत सांगितलेला बरा.

असें करणें म्हणजे घरच्या माणसांवर अविश्वास दाखविणें होय, असा आक्षेप बहुधा वडीलधारी मंडळी घेतात. त्याला उत्तर हेंच कीं कर्ता स्वतःहि मर्यादित खात्यांत बसतो आहे हें दिसलें म्हणजे आक्षेपाचा जोर ओसरतो. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: दर वेळीं खातें बदलणें त्रासाचें. हा त्रास अर्धा खरा आहे. विंडोजची कळ आणि ‘एल’ एकत्र दाबलीं कीं पडदा बंद होतो आणि दुसऱ्याला आपल्या खात्यांत जातां येतें. पहिल्याचें काम आंत जसेंच्या तसें उघडें राहतें. मात्र जुन्या, अपुऱ्या स्मरणशक्तीच्या यंत्रावर चार खातीं एकदम उघडीं ठेवलीं तर तें धापा टाकूं लागतें. तेथें काम झाल्यावर ‘साइन आउट’ करण्याची शिस्त लावावी लागेल.

या उपायाकडून भलतीच अपेक्षा करणेंहि घातक. मर्यादित खात्यांत शिरलेला वाईट प्रोग्रॅम कोठीला हात लावूं शकत नाहीं, पण त्या खात्यांतल्या फाईली तो वाचूं शकतो, बिघडवूं शकतो, खंडणीसाठीं कुलूपबंदहि करूं शकतो. सुनेची नोंदवही तिच्याच खात्यांत आहे. तेव्हां तिची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवणें याला पर्याय नाहीं. कांहीं प्रोग्रॅम यंत्रांत स्थापन न होतांच चालतात; त्यांना मालकाचा पासवर्ड लागत नाहीं. बँकेंतून बोलतो म्हणून सांगणारा तोतया फोनवरून अशाच प्रोग्रॅमद्वारें पडदा पाहूं मागतो, आणि आजोबांनीं सांगितलेला ओटीपी कोणत्याहि भिंतीआड राहत नाहीं. असा प्रसंग घडलाच तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तात्काळ कळवावें. पैसे पुढें सरकण्याच्या आंत तक्रार गेली तर ते अडवून धरण्याची कांहीं आशा असते. तसेंच यंत्रच चोरीस गेलें आणि आंतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तर खात्यांच्या भिंती तेथें उभ्या राहत नाहींत. त्यासाठीं डिस्क सांकेतिक करून ठेवण्याची सोय निराळी आहे. ती चालू असेल तर तिची ४८ अंकी किल्ली संगणकाबाहेर लिहून ठेविली पाहिजे, नाहीं तर यंत्र बिघडल्यावर मालकच बाहेर राहील.

हा लेखी कागद कोठें ठेवावा, हाहि विचार या किनाऱ्यावर करावा लागतो. मे २०२१ मध्यें तौक्ते चक्रीवादळ येथून गेलें तेव्हां झाडें पडलीं, कौलें उडालीं, अनेक गांवांतील वीज कित्येक दिवस परत आली नाहीं. कारभाऱ्याच्या खात्याचा पासवर्ड, तीन भलतीं उत्तरें आणि डिस्कची किल्ली यांचे दोन कागद करावे. एक प्लॅस्टिकच्या पाकिटांत घालून घरच्या लोखंडी कपाटांत, जमिनीच्या कागदांशेजारीं. दुसरा मुंबईच्या भावाकडे किंवा बहिणीकडे. कारभार पाहणारा मनुष्य अचानक आजारी पडला, अथवा त्याला कांहीं झालें, तर वारस-नोंदीच्या खेपा घालण्याची पाळी निदान संगणकापुरती तरी येऊं नये.

आणि खातें काढून टाकण्याचा दिवसहि कधीं तरी येतोच. बारावीनंतर मुलगी शिक्षणासाठीं मुंबईला किंवा पुण्याला जाते, यंत्रांत जागा अपुरी पडूं लागते, आणि कारभारी तिचें खातें पुसावयास बसतो. त्या वेळीं विंडोज विचारतें तो प्रश्न ‘अकाउंट अँड डेटा’ दोन्ही पुसण्याविषयींचा असतो. नांवाबरोबर त्या खोलींतलें सारें सामानहि जातें, आणि तें फेकलेल्या फाईलींच्या टोपलींतहि सांपडत नाहीं. हा प्रश्न मात्र सावकाश वाचावा, आणि होकार देण्यापूर्वीं मुलीला फोन करून तिचीं टिपणें तिनें पेन-ड्राईव्हवर नेलीं आहेत कीं नाहींत, हें विचारून घ्यावें.